नेम धरण्यापूर्वी

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या जानेवारीत रहाटणीला आमच्या घरी आला होता. बारावीला माझ्या मराठीच्या वर्गात असलेला हा मुलगा पुढे अभियंता झाला, चाकणच्या एका कारखान्यात तीन वर्षे काढून अमेरिकेस गेला आणि आता टेक्सासात स्थायिक झाला आहे. चहा झाल्यावर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर तीन ॲप होती. "मॅडम, या तिघांतलं कुठलं ठेवू ते सांगा. एकाच कवितेबद्दल तीन टीकाकार तीन गोष्टी सांगत असतील तर कुणावर विश्वास ठेवायचा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत ना?"

ती तिन्ही ॲप रायफलीच्या गोळीचा मार्ग गणिताने काढून देणारी होती. तिकडे तो रीतसर परवाना काढून हरणांची शिकार करतो, ही बातमी मला नवी होती. शाकाहारी घरात वाढलेल्या माझ्यासारखीचा पहिला प्रश्न 'शिकार हवीच कशाला?' हाच असणार, आणि तो मी विचारला. त्याने शांतपणे उत्तर दिले. त्या भागात हरणांना खाणारे लांडगे आता उरलेले नाहीत, हरणांची संख्या परवान्यांनीच आटोक्यात ठेवली जाते, आणि मारलेल्या हरणाचे मांस तो वाया घालवीत नाही. माझे समाधान झाले नाही. परंतु तो वाद येथे मांडत नाही. मला लिहायचे आहे ते त्याच्या प्रश्नाविषयी. कारण तो प्रश्न वरकरणी यंत्राचा असला, तरी विचार करू लागल्यावर तो आपल्या सर्वांच्या कामाचा वाटला.

प्रश्नामागची हकीगत त्याने नंतर सांगितली. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी साधारण साडेतीनशे मीटरवर एक हरिणी चरत होती. अंतरमापकाने दाखविलेले अंतर त्याने ॲपमध्ये भरले. ॲपने आकडा दिला. त्या आकड्याप्रमाणे त्याने दुर्बिणीवरची चकती फिरविली आणि चाप ओढला. गोळी लागली, पण मर्मस्थानी नव्हे, पोटात. हरिणी झाडीत शिरली. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने रक्ताचा माग काढला. ती सापडली नाही. "आकडा चुकला, मॅडम. म्हणून आता दुसरं ॲप घेतोय," असे म्हणून तो थांबला. त्या थांबण्यात जे होते त्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

आकडा खरोखर चुकला होता का? हे पाहण्यासाठी अशी ॲप करतात काय, ते आधी समजून घ्यावे लागते. नळीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जाते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती सुटल्या क्षणापासून खाली पडत असते आणि हवेच्या विरोधाने तिचा वेग सतत घटत असतो. .३०८ जातीच्या सर्वपरिचित काडतुसाची रायफल १०० मीटरवर शून्य साधून ठेवली, म्हणजे त्या अंतरावर दृष्टिरेषा आणि गोळी एकाच बिंदूत मिळतील अशी जुळविली, तर ३०० मीटरवर तीच गोळी दृष्टिरेषेच्या जवळजवळ अर्धा मीटर खाली जाते आणि ५०० मीटरवर दीड मीटरहून अधिक. आडवा वारा तिला बाजूला नेतो. ताशी १६ किलोमीटरचा वारा ३०० मीटरवर तिला सुमारे २० सेंटिमीटर ढकलतो. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे ज्या भागात असतात त्याची रुंदी जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर असते. वाऱ्याचा अंदाज किती बरोबर असायला हवा, हे यावरून ध्यानात येईल.

हे गणित नवे नाही. इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली तोफशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि लंबकाच्या साहाय्याने गोळीचा वेग मोजून दाखविला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला तोफांचे मारातक्ते तयार करण्यासाठी शेकडो माणसे, त्यांत पुष्कळशा स्त्रिया, हाताने आकडेमोड करण्याकरिता नेमाव्या लागल्या. या माणसांच्या हुद्द्याचे नावच 'कॉम्प्युटर' असे होते. एक मार्ग काढायला त्यांना वीसेक तास लागत. हे काम लवकर व्हावे म्हणून बांधलेले 'एनिॲक' हे यंत्र १९४६ मध्ये जगापुढे आले आणि तोच मार्ग ते अर्ध्या मिनिटात काढू लागले. मोबाइलमधील हे ॲप म्हणजे संगणक आपल्या माहेरी परतल्यासारखेच आहे. तेव्हा गणिताच्या क्षमतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याची तिन्ही ॲप बेरीज-वजाबाकी बरोबरच करीत होती.

मग चूक कोठे होती? आम्ही दोघांनी त्या संध्याकाळचे आकडे पुन्हा भरून पाहिले. नळीच्या तोंडाशी गोळीचा वेग किती, या रकान्यात त्याने काडतुसांच्या खोक्यावर छापलेला आकडा घातला होता. खोक्यावरचा वेग कारखान्यातील चाचणीच्या नळीतून मोजलेला असतो. त्याच्या रायफलीची नळी त्या नळीपेक्षा चार इंचांनी आखूड, म्हणून वेग सेकंदाला सुमारे ३० मीटरने कमी. वाऱ्याचा रकाना त्याने भरलाच नव्हता. तेथे ॲपने स्वतःहून शून्य धरले होते. त्या संध्याकाळी झाडांची पाने हलत होती एवढे त्याला आठवत होते. ताशी आठ किलोमीटरचा वारा धरला, तर गोळी सात-आठ सेंटिमीटर खाली आणि तेरा-चौदा सेंटिमीटर बाजूला गेली असणार. दोन्ही मिळून ती मर्मस्थानाच्या बाहेर पडते. ॲपने खोटे उत्तर दिले नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने खरे म्हणून स्वीकारले होते.

येथे मला आमच्या फडताळातील दोन पंचांगांची आठवण झाली. माझे माहेर सोलापूरकडचे, म्हणून दाते पंचांग. सासर रत्नागिरीचे, म्हणून टिळक पंचांग. काही वर्षी या दोहोंतील अधिक मास वेगळे येतात आणि एकाच घरात गणपती कधी बसवायचे यावरून गोड भांडण होते. लोकांना वाटते, एकाचे गणित चुकले. तसे नसते. दोघांचे ग्रहगणित अर्वाचीनच आहे. फरक आहे तो राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे मानायचा याचा, आणि तो सुमारे चार अंशांचा आहे. शून्य कोठे ठेवले यावर पुढचे सारे अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी पंचांगशोधनाचे काम हाती घेतले, लोकमान्य टिळकांनी ते उचलून धरले, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात त्याचा इतिहास मांडला. या साऱ्या चर्चेचा कणा 'दृक्प्रत्यय' या एका शब्दात होता. गणिताने आलेले आणि डोळ्यांना दिसणारे जुळले पाहिजे. ग्रहण पंचांगातल्या वेळेला लागले नाही, तर चूक चंद्राची नसते.

आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत. तेही त्या दिवशी चहाला होते. ते म्हणाले, "आमच्याकडे ज्या गेजवर तपासणीची तारीख नाही, त्या गेजने मोजलेला भाग आम्ही मोजलेला धरतच नाही. आधी गेज मोजायचं, मग भाग." पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील हजारो कामगारांना ठाऊक असलेली ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक होती, तीन वर्षे त्याने तेच काम केले होते. लोखंडाच्या तुकड्याला लावलेली कसोटी त्याने जिवंत प्राण्याच्या बाबतीत मात्र लावली नाही. हे मी त्याला दोष देण्यासाठी म्हणत नाही. पडद्यावर दशांशचिन्हासह उमटलेल्या आकड्यापुढे आपण सारेच असे वागतो. गुणपत्रिकेवरील टक्केवारीपुढे आम्ही प्राध्यापकही.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर येथे नोंदवून ठेवते. ते तांत्रिक आहे, पण त्यातील कोणतीही बाब निव्वळ तांत्रिक नाही.

जे साधन अधिक प्रश्न विचारते ते घ्यावे. जे कमी विचारून लवकर उत्तर देते ते सोडून द्यावे. तापमान, हवेचा दाब, वाऱ्याचा वेग आणि दिशा, उताराचा कोन, दुर्बिणीची नळीपासूनची उंची हे सारे त्याने विचारले पाहिजे, आणि एखादा रकाना रिकामा राहिला तर आपण काय गृहीत धरले ते स्पष्ट सांगितले पाहिजे. गोळीला हवा किती अडवते हे दाखविणारा गुणांक 'जी-१' आणि 'जी-७' अशा दोन प्रमाणांवर दिला जातो. पहिले प्रमाण जुन्या, सपाट बुडाच्या गोळीवर बेतलेले आहे, दुसरे आजच्या लांब व निमुळत्या बुडाच्या गोळीवर. एका प्रमाणाचा गुणांक दुसऱ्याच्या रकान्यात भरला तर ॲप तक्रार करीत नाही, चुकीचे उत्तर मात्र देते. हॉर्नडीसारखे उत्पादक आपल्या गोळ्यांचा हवेतील विरोध रडारने मोजून तो थेट ॲपमध्ये देतात. ही सोय चांगली आहे, पण ती त्या गोळीपुरतीच.

दुसरी कसोटी दृक्प्रत्ययाची. वेगवेगळ्या अंतरांवर कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडून त्या प्रत्यक्षात कोठे पडल्या हे ॲपला सांगता आले पाहिजे, आणि त्यावरून त्याने आपले गणित सुधारले पाहिजे. ज्यात ही सोय नाही ते शोभेचे. ज्यात ती आहे, पण आपण ती कधी वापरली नाही, तेही शोभेचेच. तिसरी गोष्ट मापाची. दुर्बिणीची चकती मिलमध्ये असेल आणि ॲप मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात, बोलत असेल तर १०० मीटरवर एक मिल १० सेंटिमीटर आणि एक मिनिट सुमारे २.९ सेंटिमीटर भरते. घाईच्या क्षणी हा गोंधळ जिवावर बेततो, आणि तोही दुसऱ्याच्या. चौथी गोष्ट साधी आहे. जेथे रेंज नाही आणि थंडीने बॅटरी मान टाकते तेथेच हे साधन लागणार. म्हणून ते जालाविना चालले पाहिजे आणि त्याचा तक्ता कागदावर उतरवून खिशात असला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. साधन इतके काटेकोर केले, तर माणूस अधिक लांबून गोळी झाडण्याचे धाडस करणार नाही का? करील. हीच या साधनांतील खरी अडचण आहे. चांगल्या ॲपमुळे २०० मीटरवरची चूक कमी होते हे खरे. परंतु त्याच ॲपमुळे ५०० मीटरचा मोहही निर्माण होतो. त्या अंतरावर गोळीला पोहोचायला पाऊण सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकते. पुढे टाकले जाणारे ते पाऊल कोणत्याही रकान्यात भरता येत नाही. म्हणून शेवटची कसोटी ॲपची नव्हे, ते वापरणाऱ्याची आहे. आपण कोणत्या अंतरापलीकडे गोळी झाडणार नाही, हे घरी, शांतपणे, शिकार समोर नसताना ठरवून ठेवावे.

आमच्या घरापासून वाकडमार्गे थोड्याच वेळात बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. तेथल्या नेमबाजी केंद्रात सराव केलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्या अचूकतेपुढे नम्र व्हावे असेच ते कौशल्य आहे. तरीही तेथे अंतर ठरलेले असते, लक्ष्य ओळखीचे असते, आणि चुकले तर गुण जातो. जीव जात नाही. शिकारीत यातले काहीच ठरलेले नसते.

आपल्या परंपरेला हे फार पूर्वी उमगले होते असे मला वाटते. श्रावणबाळाची कथा आपण मातृपितृभक्तीची कथा म्हणून मुलांना सांगतो. ती नेमाचीही कथा आहे. शरयूच्या काठी अंधारात घागर बुडण्याचा आवाज आला, दशरथाला तो हत्तीचा वाटला, आणि शब्दवेधी बाण जेथे जायला हवा होता तेथेच गेला. बाण चुकला नाही. चुकली ती ओळख. महाभारतात मृगरूपातील ऋषीवर पंडूने सोडलेला बाणही चुकत नाही, आणि कृष्णाच्या तळपायाला हरीण समजून जरा नावाच्या व्याधाने सोडलेलाही नाही. तीन कथा, तीन अचूक बाण, आणि तिन्हींतून वंशाचे वंश पोळून निघालेले. अचूकपणाची एवढी भीती बाळगणारे साहित्य शिकवीत असताना आपण मात्र अचूकपणालाच शहाणपण समजू लागलो आहोत.

आपल्याकडे आता शिकारीचा प्रश्नच कोठे उरला, असे कोणी म्हणेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी छंद म्हणून होणारी शिकार बंद केली, हे योग्यच झाले. पण रायफल उचलण्याचा प्रसंग संपलेला नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले आणि रीतसर परवानगीनंतर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. उसाच्या फडालगत मूल गमावलेल्या आईपुढे शाकाहाराचे तत्त्वज्ञान सांगण्याचे धैर्य मला नाही. अशा प्राण्याला मारण्याची परवानगी देण्यापूर्वी तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे याविषयी मुख्य वन्यजीव रक्षकाचे समाधान व्हावे लागते. कायद्याचा हा आग्रह म्हणजे दशरथाला उशिरा सुचलेला प्रश्नच आहे: आवाज नेमका कोणाचा? यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीवरून जो वाद उसळला, तो गोळी लागली की नाही याचा नव्हता. ती लागलीच होती. वाद होता तो आधी जे करायला हवे होते ते केले होते की नाही, याचा.

मराठीत 'नेम' हा शब्द संस्कृत 'नियमा'तून आला. आपण नेम धरतो, तसा नेम करतोही. एकादशीचा नेम असतो, वारीचा नेम असतो. 'पावसाचा काही नेम नाही' असे म्हणताना आपण अनिश्चिततेलाही त्याच शब्दाने ओळखतो. लक्ष्य, व्रत आणि खात्री ही तिन्ही एका शब्दात नांदावीत यामागे आपल्या पूर्वजांनी काही योजना केली होती असा माझा दावा नाही. पण शब्द तसा आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. ॲप लक्ष्याचा नेम सांगते. खात्री किती आहे, हे ते फार तर अदमासाने सांगते. व्रताचा नेम सर्वस्वी आपला.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी तिन्हींपैकी एक ॲप ठेवले. नळीचा वेग त्याने आता स्वतः मोजून घेतला आहे. फेब्रुवारीत त्याने हाताने लिहिलेल्या तक्त्याचे छायाचित्र पाठविले. त्यात शेवटची ओळ २५० मीटरची होती. मी त्याला कळविले की मी असते तर २०० वर थांबले असते. "मॅडम, तुम्ही मुळात गेलाच नसता," असे त्याचे उत्तर आले. ते खरे आहे. या एका मुद्द्यावर आमचे अद्याप एकमत नाही आणि ते व्हावे असा माझा आग्रहही नाही. रिकाम्या रकान्यात शून्य आहे असे तो पुन्हा समजणार नाही, एवढी खात्री मला वाटते.